इव्हेंट कॅलेंडर : मला दिसतं, लोकांना दिसत नाही (वर्डप्रेस)

अंत्रूजकार

नमस्कार मंडळी. फोंड्याच्या बाजूच्या आमच्या गावातल्या नाट्यमंडळाची साइट मीच बनवली आणि मीच चालवतो. वर्डप्रेस, फुकट मिळणारी थीम आणि कार्यक्रमांसाठी बऱ्यापैकी वापरात असलेला एक इव्हेंट कॅलेंडर प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला लावायचं जोड-सॉफ्टवेअर. प्लगइनचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'तो काढा, हा घ्या' या वाटेला लागतो.

सुरुवातीला फक्त आमच्या नाटकांच्या तारखा असायच्या. मग आसपासच्या देवळांच्या जत्रा, पालख्या, भजनी सप्ताह, राजीव गांधी कला मंदिरातले प्रयोग असं सगळंच येत गेलं. आता लोक फोन करून विचारत नाहीत, "साइटीर आसा मरे" (साइटवर आहे की) म्हणतात. म्हणूनच गोची झालीय.

जुनं होस्टिंग महाग पडत होतं. नवीन घेतलं, तिथे वर्डप्रेस नव्यानं बसवलं आणि जुन्या साइटची एक्स्पोर्ट फाइल काढून इथे आत घेतली. कार्यक्रम सगळे आले. पण तेव्हापासून कॅलेंडरवर पुढच्या महिन्याचा बाण दाबला की लोकांना नुसतं चाक फिरताना दिसतं. मला मात्र सगळं झकास दिसतं. ज्यांनी साइटचं कॅलेंडर फोनमध्ये जोडून घेतलंय त्यांना रात्री दहाचं नाटक पहाटे साडेतीनला दिसतं, तेही सगळी नाटकं नाहीत, काहीच. पहाटे संपलेला काला सकाळच्या चहाच्या वेळीही 'आगामी'च्या चौकटीत बसलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पाठवलेले दुवे उघडले की 'पान सापडलं नाही'.

आणि एक जुनंच दुखणं : रात्री सुरू होणारं नाटक दोन दिवसांच्या चौकटींत दिसतं. लोक विचारतात, दोन प्रयोग आहेत का?

जत्रांचे दिवस आहेत. कुठून सुरुवात करू?

वाळपईवाला

कॅश साफ करा, म्हणजे आधी बनवून साठवलेली पानं.

अंत्रूजकार

केली हो. केल्यावर बाण चालतो. दुसऱ्या दिवशी परत चाक.

वाळपईवाला

मग रोज साफ करा 😀

रानवाटा

एवढा खटाटोप कशाला? गूगल कॅलेंडर सार्वजनिक करा, त्याचा तुकडा साइटवर चिकटवा आणि मोकळे व्हा. आमच्या क्लबाचं असंच चालतं.

कोकम_आणि_कोड

रानवाटा, त्याकडे नंतर येऊ. अंत्रूजकारबाब, 'केल्यावर चालतं, दुसऱ्या दिवशी बंद' हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, अर्धं निदान त्यातच आहे.

एक करा. लॅपटॉपवर साइट इन्कॉग्निटोत उघडा, म्हणजे तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून आत नसाल. एफ-12 दाबा, नेटवर्कची पट्टी उघडा आणि मग पुढच्या महिन्याचा बाण दाबा. एक ओळ लाल होईल. तिचा आकडा आणि तिच्या उत्तरात काय मजकूर येतो तो इथे टाका. मजकूर इंग्रजीत असेल, उच्चार लिहिलात तरी चालेल.

अंत्रूजकार

403. उत्तरात 'रेस्ट कुकी इन्व्हॅलिड नॉन्स' असं काहीतरी आहे, खाली 'कुकी चेक फेल्ड'.

कोकम_आणि_कोड

सापडलं.

वर्डप्रेस पान बनवताना त्यात एक छोटा सांकेतिक आकडा पेरतं, त्याला नॉन्स म्हणतात. बाण दाबला की ब्राउझर तो आकडा सोबत घेऊन सर्व्हरकडे 'पुढचा महिना दे' म्हणून जातो. या नॉन्सचं आयुष्य कमीत कमी 12 तास आणि जास्तीत जास्त 24 तास, बारा-बारा तासांच्या दोन टप्प्यांत. तुमच्या नवीन होस्टिंगवर सर्व्हरच्या पातळीवरचा कॅश आपोआप चालू असणार आणि त्याची मुदत बहुधा आठवडाभराची असणार. म्हणजे लोकांना मिळतं ते चार दिवसांपूर्वी बनवून ठेवलेलं पान, त्यातला नॉन्स केव्हाच बाद झालेला. कालच्या तारखेचा पास घेऊन आजच्या नाटकाला गेलात तर दारावरचा माणूस आत सोडेल का?

तुम्हाला नीट दिसतं कारण लॉगिन केलेल्या माणसाला बहुतेक कॅश जुनं पान देतच नाहीत, दर वेळी ताजं बनवतात. साइट चालवणाऱ्यालाच बिघाड कधी दिसत नाही तो यामुळे. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या तक्रारीचं मूळ हेच असतं.

उपाय : होस्टिंगच्या पॅनेलमध्ये किंवा कॅशच्या प्लगइनमध्ये 'ही पानं कॅश करू नका' अशी जागा असते. तिथे कॅलेंडरच्या पानाचा पत्ता टाका. ते जमलं नाही तर कॅशची मुदत दहा तासांवर आणा, बाराच्या आत राहिलं म्हणजे झालं.

वाळपईवाला

क्लाउडफ्लेअर (सर्व्हर आणि वाचक यांच्या मधली सेवा) असेल तर तेही बघा. तेच जुनी पानं देत बसतं.

कोकम_आणि_कोड

क्लाउडफ्लेअरवर उगाच आळ नको. ते आपणहून चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट साठवतं, एचटीएमएल पान साठवत नाही. 'सगळंच साठव' असा नियम कुणी हातानं लावला असेल तरच.

अंत्रूजकार

क्लाउडफ्लेअर नाही. होस्टिंगच्या पॅनेलात कॅश खरंच चालू होता, मुदत सात दिवस. कॅलेंडरचं पान आणि पहिलं पान दोन्ही वगळली. उद्या संध्याकाळी बघून सांगतो.

सासष्टीकरीण

पहिलं पान सबंध वगळू नका हो, साइट जड होईल. त्याची मुदत फक्त कमी ठेवा. 'आगामी'ची चौकट तासाभरानं ताजी झाली तरी कुणाचं काही अडत नाही.

बाकी तुमच्या फोनच्या तक्रारीबद्दल. दहाचं साडेतीन म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. भारतातल्या माणसाला साडेपाच तासांचा फरक दिसला की डोळे मिटून टाइमझोनकडे बोट दाखवावं. सेटिंगमध्ये 'जनरल'खाली टाइमझोन काय आहे?

अंत्रूजकार

यूटीसी प्लस झीरो. पण जुन्या साइटवर मी कोलकाता निवडलं होतं हे नक्की आठवतंय!

सासष्टीकरीण

असेलच. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमधून लेख, पानं, कार्यक्रम, प्रतिक्रिया येतात. सेटिंग येत नाहीत. टाइमझोन, आठवड्याचा पहिला वार, दुव्यांची रचना हे सगळं नव्या वर्डप्रेसवर मूळपदावर असतं, आणि मूळपद म्हणजे यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ.

म्हणूनच 'सगळी नाटकं नाहीत, काहीच' असं होतंय. कार्यक्रमाची वेळ साठवताना असे प्लगइन त्या कार्यक्रमाचा टाइमझोनही सोबत साठवतात. जुन्या साइटवरून आलेल्या कार्यक्रमांना कोलकाता चिकटलेलं आहे, ते फोनमध्ये बरोबर दिसतात. नव्या साइटवर तुम्ही टाकलेल्यांना यूटीसी चिकटलंय. साइटवर दोन्हीकडे 'रात्री 10' असंच दिसतं, कारण तिथे लिहिलेली वेळ तशीच्या तशी छापली जाते. फोन मात्र प्रामाणिकपणे रूपांतर करतो : यूटीसीचे रात्री दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन.

तपासून बघा, पहाटे साडेतीनची नाटकं सगळी स्थलांतरानंतर टाकलेली असणार.

अंत्रूजकार

अगदी तसंच आहे! आणि पहाटे चार वाजताची पालखी फोनवर सकाळी साडेनऊला आहे.

दुबईचो_पावणो

आता उलगडा झाला. मी इथून बघतो तर गावची काही नाटकं साडेआठला आणि काही रात्री दोनला. म्हटलं गावात वेळा बदलल्या की काय. साडेआठवाली बरोबर ना?

सासष्टीकरीण

हो, आपल्या दहाला तुमचे साडेआठ. रात्री दोनवाली यूटीसीची.

अंत्रूजकारबाब, टाइमझोन निवडताना यादीतून 'कोलकाता' हे शहरच निवडा. त्याच यादीत खाली 'यूटीसी प्लस 5:30' असाही पर्याय असतो, तो घेऊ नका. साइटवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॅलेंडरची फाइल बाहेर पडते तेव्हा तिच्यात टाइमझोनचं नाव लिहावं लागतं. शहराचं नाव फोनला कळतं, 'प्लस 5:30' हे नाव सगळ्यांना कळेलच असं नाही.

आणि सेटिंग बदलल्यावर आधी टाकलेले कार्यक्रम आपोआप सुधारत नाहीत. प्रत्येक उघडून टाइमझोन कोलकाता करायचा, वेळ दहाच राहिलीय ना ते पाहायचं, मगच जतन करायचं. नव्या साइटवरचे तेवढेच करा, जुन्यांना हात लावू नका.

अंत्रूजकार

आणि तो 'आगामी'त बसून राहिलेला काला?

सासष्टीकरीण

तोही यातलाच. साइटचं घड्याळ साडेपाच तास मागे आहे. काला पहाटे तीनला संपला असं तुम्ही लिहिलंय, साइटच्या मते तीन वाजतात आपल्या साडेआठला. तोवर काला तिच्या लेखी चालूच असतो.

धालो

मध्येच विचारते. आमच्या साइटवर आठवणीचे ईमेल जातात, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. ते कधी वेळेवर जातात, कधी कार्यक्रम झाल्यावर. हेही टाइमझोनमुळे का?

कोकम_आणि_कोड

फरक दर वेळी वेगवेगळा असेल तर नाही. वर्डप्रेसचं अंतर्गत वेळापत्रक, ज्याला डब्ल्यूपी-क्रॉन म्हणतात, ते स्वतःहून जागं होत नाही. साइटवर कुणीतरी आलं की त्या निमित्तानं ते बघतं, काही काम राहिलंय का. तुमच्या साइटवर रात्रभर कुणी फिरकलं नाही, किंवा आलेल्या सगळ्यांना कॅशमधली पानं मिळाली आणि वर्डप्रेसपर्यंत कुणी पोचलंच नाही, तर ईमेल पडून राहतो.

कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन' हा स्थिरांक 'ट्रू' करा आणि होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये खरा क्रॉन, म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं वेळापत्रक, लावा, दर पंधरा मिनिटांनी. पहिलं करून दुसरं विसरलात तर एकही ईमेल जाणार नाही.

धालो

देव बरें करूं. आज रात्रीच करते.

रानवाटा

पुन्हा म्हणतो, गूगल कॅलेंडर. यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सासष्टीकरीण

टाइमझोनपुरतं खरं आहे. पण प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःचं पान, पोस्टर, कलाकारांची नावं, जुन्या प्रयोगांचे फोटो हे तिथे कुठे ठेवणार? नाट्यमंडळाला तारखेइतकीच ती नोंदही लागते. शिवाय चिकटवलेला तुकडा फोनवर फार अरुंद दिसतो. क्लबाच्या फुटबॉलच्या वेळांना ठीक आहे.

रानवाटा

फुटबॉलला नाव ठेवू नका 😀

अंत्रूजकार

सांगायला आलो. बाण आज दिवसभर चालला. वहिनींच्या फोनवर, शेजारच्या पोरांच्या फोनवर, सगळीकडे. नवे कार्यक्रम एकेक उघडून कोलकाता केले. फोनमध्ये अजून काही जणांना साडेतीनच दिसतंय.

सासष्टीकरीण

ज्यांनी गूगलमध्ये पत्ता जोडून घेतलाय त्यांना थांबावं लागेल. गूगल अशी जोडलेली कॅलेंडरं आपल्या सवडीनं ताजी करतं, कधी काही तास, कधी दिवस जातो. तुमच्या हातात काही नाही. आणि ज्यांनी फाइल उतरवून घेतली होती त्यांच्याकडे जुनी नोंद कायम राहणार, त्यांना ती काढून नव्यानं घ्यायला सांगा.

दुव्यांचं काय झालं? सेटिंगमध्ये पर्मालिंकच्या, म्हणजे दुव्यांच्या रचनेच्या, पानावर जाऊन काही न बदलता नुसतं 'जतन करा' दाबलंत का? वर्डप्रेस नियम नव्यानं लिहितं, बहुतेक 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', तिथेच मिटतात. जुन्या साइटवरची रचना वेगळी असेल तर आधी ती निवडा.

अंत्रूजकार

रचना जुनी केली, जतन केलं. बहुतेक दुवे उघडले. पण देवळांचे काही उघडतात ते भलताच कार्यक्रम दाखवतात! पालखीच्या दुव्यावर सप्ताह, सप्ताहाच्या दुव्यावर कीर्तन.

कोकम_आणि_कोड

त्या कार्यक्रमांची नावं काय आहेत? पूर्ण लिहा.

अंत्रूजकार

'श्री शांतादुर्गा देवस्थान वार्षिक पालखी उत्सव', 'श्री शांतादुर्गा देवस्थान भजनी सप्ताह', 'श्री शांतादुर्गा देवस्थान कीर्तन महोत्सव'. अशी.

कोकम_आणि_कोड

हा आपल्या लिपीचा खास प्रसाद. इंग्रजी साइटवाल्यांना हे कधी भोगावं लागत नाही.

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे स्लग, बनवतं. डेटाबेसमध्ये त्याला 200 अक्षरांची जागा. रोमनला ती भरपूर झाली. देवनागरीचा प्रत्येक घटक मात्र टक्क्याच्या चिन्हांत लिहिला जातो आणि नऊ जागा खातो. घटक म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगवेगळे मोजायचे. 200 भागिले 9 म्हणजे बावीसच घटक मावतात.

तुमचं नाव मोजून बघितलं. 'श्री'चे चार, 'शांतादुर्गा'चे अकरा, पुढे 'देवस्था' आला की 200 भरले. 'देवस्थान'मधला शेवटचा न सुद्धा आत येत नाही. पालखी, सप्ताह, कीर्तन हे वेगळेपण सांगणारे शब्द तर पार बाहेर. मग तिन्हींचा स्लग एकच होतो आणि वर्डप्रेस पुढच्यांना शेपटाला 2, 3 लावतं. ते आकडे कार्यक्रम ज्या क्रमानं टाकले जातात त्या क्रमानं पडतात. स्थलांतरात क्रम कुठे हलला असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली.

अंत्रूजकार

च्यायला. म्हणजे दोष देवस्थानच्या नावात!

जुनाखोड

देवीच्या नावाला बोल लावू नका 🙏

कोकम_आणि_कोड

कार्यक्रम टाकताना स्लगची चौकट असते, तिथे हातानं रोमन लिपीत आखूड नाव लिहा : गाव, कार्यक्रम, वर्ष. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवाही आटोपशीर जातो, ती टक्क्यांची लांबलचक माळ जात नाही. शीर्षक देवनागरीतच राहू द्या. वर्ष जरूर घाला, पुढच्या वर्षी तीच पालखी परत येणार आहे.

जुनाखोड

पुढच्या वर्षीवरून आठवलं. मी पेडण्याकडचा. आमच्या पोरांनी अशाच कॅलेंडरात 'दर वर्षी पुन्हा' हा पर्याय मिळावा म्हणून पैसे भरून प्रो आवृत्ती घेतली. मी विचारलं, जत्रा काय इंग्रजी तारखेला असते? गणेश चतुर्थीच बघा. 2024 साली 7 सप्टेंबर, 2025 साली 27 ऑगस्ट, 2026 साली 14 सप्टेंबर. अकरा दिवस मागे आणि मग अठरा दिवस पुढे, कारण 2026 ला अधिक ज्येष्ठ. ते यंत्राला कोण शिकवणार?

कोकम_आणि_कोड

जुनाखोडबाब, नेमक्या जागी बोट ठेवलंत. कॅलेंडरच्या फाइलीचं जे जागतिक मानक आहे, आरएफसी 5545, वर्ष 2009, त्यात पुनरावृत्तीचे नियम सगळे ग्रेगोरियन. 2015 साली आरएफसी 7529 आलं, त्यात दुसऱ्या दिनदर्शिकांना वाट करून दिली. पण तिथे 'इंडियन' नावाची जी दिनदर्शिका येते ती सरकारी राष्ट्रीय शक दिनदर्शिका, 1957 साली स्वीकारलेली. ती सौर आहे. तिचा चैत्र 1 कायम 22 मार्चला, लीप वर्षी 21 ला. तिला तिथी नाहीत, अधिक मास नाही. त्यामुळे 'वैशाख शुद्ध पंचमी' तिला सांगून उपयोग नाही. 'दर वर्षी पुन्हा'साठी पैसे भरायचे तर दर शनिवारच्या तालमीसाठी भरा, जत्रेसाठी नको.

अंत्रूजकार

मग तुम्ही लोक करता काय? मी दर वर्षी एकेक टाकत बसतो.

सासष्टीकरीण

वर्षातून एकदा तक्ता. पंचांग आलं की मी एका बैठकीत वर्षाच्या सगळ्या तारखा स्प्रेडशीटमध्ये उतरवते आणि त्याची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर-फाइल, करून प्लगइनमध्ये आत घेते. तुमच्या प्लगइनच्या फुकट आवृत्तीतही आयातीची सोय असेल.

दोन ठिकाणी जपा. तारीख लिहिताना वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, 2026-09-14. आपल्या सवयीनं 5/3 लिहिलंत आणि प्लगइननं अमेरिकी पद्धतीनं वाचलं तर 5 मार्चचा कार्यक्रम 3 मेला जाऊन बसतो, तक्रारही न करता. 14/9 असेल तर निदान अडतं, चौदावा महिना नाही म्हणून. तेरा तारखेपासून पुढचं सगळं अडतं आणि बारापर्यंतचं गुपचूप उलटतं, मग शोधत बसा.

दुसरं, एक्सेलमधून जतन करताना साधं सीएसव्ही निवडू नका, 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

वाळपईवाला

आणि कुठलं पंचांग धरायचं? दोन पंचांगांत तिथी वेगवेगळ्या दिवशी पडली तर?

जुनाखोड

देवस्थानची छापील पत्रिका. भटजी आणि महाजन मिळून जे ठरवतात ते खरं. पंचांगावरून टाकलेली तारीख पत्रिका येईस्तोवर कच्ची समजा.

सासष्टीकरीण

मी तसंच करते. कच्च्या तारखा मसुदा म्हणून ठेवते, पत्रिका हातात आली की प्रसिद्ध करते. लोकांना साइटवर चुकीची तारीख दिसण्यापेक्षा तारीख न दिसलेली परवडते.

दुबईचो_पावणो

अर्धवट सहमत. आम्हाला विमानाचं तिकीट काढायचं असतं. 'बहुधा अमुक आठवड्यात' एवढं तरी लिहा बाई.

सासष्टीकरीण

तेही खरं. 'तारीख पत्रिकेनंतर निश्चित' अशी ओळ घालून टाकता येईल. विचार करते.

अंत्रूजकार

आता शेवटचं दुखणं, दोन चौकटींतलं नाटक. आमच्याकडे पालखी देवळात परतल्याशिवाय पडदा वर जात नाही. दहा लिहिलं तरी अकरा, बारा होतात, आणि संपेपर्यंत पूर्वेला फटफटतं.

जुनाखोड

दशावतारी काल्याचं तर विचारूच नका. रात्री सुरू होतो आणि पहाटे दहीकाल्यानं संपतो. शिरगावच्या लईराईची जत्रा पंचमीची म्हणतात, पण धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, अग्निदिव्य करतात ते पहाटे. इंग्रजी तारीख तोवर बदललेली असते. कुठल्या चौकटीत टाकणार?

कोकम_आणि_कोड

लोक ज्या रात्रीला 'जत्रा' म्हणतात त्या तारखेला. कार्यक्रमाची सुरुवात त्या तारखेची द्या आणि शेवट दुसऱ्या तारखेचा. मग प्लगइनच्या सेटिंगमध्ये 'दिवस कधी संपला असं धरायचं' अशा अर्थाचा पर्याय शोधा, इंग्रजीत त्याला 'एंड ऑफ डे कटऑफ' म्हणतात. तो मध्यरात्री बाराला असतो. पहाटे पाच केलात की पाचच्या आत संपणारा कार्यक्रम पुढच्या चौकटीत सांडत नाही.

सासष्टीकरीण

पण वास्कोच्या सप्ताहासारखा चोवीस तासांचा असेल तर दोन चौकटींत दिसणारच, आणि दिसायलाच हवा.

अंत्रूजकार

पर्याय सापडला. पण पाच केल्यावर वेगळंच झालं. कार्तिकातली साडेचारची काकड आरती आदल्या दिवसाच्या चौकटीत गेली.

कोकम_आणि_कोड

म्हणजे तुमचा प्लगइन दिवसाची सुरुवातही त्याच वेळेला धरतो. सगळे तसं करत नाहीत. मग रेषा काकड आरतीच्या आधी ओढा. चार करा.

अंत्रूजकार

नाटक पाचला संपतं, ते परत सांडणार.

सासष्टीकरीण

नाटक संपायची वेळ साडेतीन लिहा. नाटक कधी संपणार हे कॅलेंडर बघून कोण ठरवतो? सुरू कधी होणार एवढंच लोक बघतात, आणि तेही तुम्ही दहा लिहून बाराला करता.

जुनाखोड

😀😀

अंत्रूजकार

चार केलं, नाटकांना साडेतीन लावले. काकड आरती जागेवर, नाटक एकाच चौकटीत. रोमन स्लग नव्या कार्यक्रमांना घालायला घेतलेत. देवस्थानच्या जुन्या दुव्यांना रीडायरेक्ट लावावा लागेल का?

कोकम_आणि_कोड

होऊन गेलेल्यांना नको. येणाऱ्यांपैकी जे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरतायत तेवढ्यांना लावा. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून बऱ्याचदा आपणच वळवतं, पण ते शेपटाच्या 2, 3 वाले एकदा हातानं उघडून बघा. आधी इन्कॉग्निटोत.